एएची मीटिंग कशी शोधायची (आणि गेटवरून परत कसं फिरायचं नाही)

मी पहिल्यांदा एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, मीटिंगला गेलो तेव्हा मीटिंग नव्हतीच. नेटवर कुठंतरी पत्ता मिळाला होता, म्युनिसिपालिटीची शाळा, सोमवार संध्याकाळी साडेसात. धीर यावा म्हणून निघताना एक क्वार्टर मारली आणि रिक्षा करून गेलो तर गेट बंद, आत अंधार, दिवाळीची सुट्टी लागलेली. वॉचमन खुर्चीत बसून मोबाइलवर भजन ऐकत होता, म्हणाला कुणाला भेटायचंय. मी म्हणलं, पोराच्या ॲडमिशनचं विचारायचं होतं. ऐन दिवाळीत, रात्री साडेसातला! तो नुसता बघत राहिला, वास तर आलाच असणार. तिथून निघालो तो सरळ वाइन शॉपवर, आणि पुढचे पाच महिने बायकोला ऐकवत होतो की अगं मी गेलो होतो ना, तिथं कुणी नसतं, सगळं बोगस आहे.

म्हणून हे लिहितोय. पत्ता शोधायला दहा मिनिटं लागतात, अवघड काम त्याच्या पुढचं आहे, त्यामुळे त्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

पण आधी शरीराचं बघा, हे वगळून पुढं वाचू नका. तुम्ही रोज पिताय, सकाळी हात थरथरतात, एक पेग पोटात गेल्याशिवाय दाढी करता येत नाही, अशी अवस्था असेल तर उद्यापासून बंद म्हणून एकदम बंद करू नका. एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, अंगात ताप, घाम, माणूस कुठं आहे तेच त्याला कळत नाही. याला डीटी म्हणतात आणि याच्यात माणसं दगावतात. तर आधी डॉक्टर. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत तिथंही दारूचे पेशंट बघतात (मनोरुग्णालय नाव ऐकून दचकू नका, ओपीडीच्या लाइनीत निम्मी आपलीच माणसं असतात). फिट आली किंवा भास व्हायला लागले तर ओपीडीची वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो आणि गोळ्यांचं काम मीटिंग करत नाही, दोन्ही बरोबर चालू ठेवायचं.

आता दुसरा प्रश्न, मला गरज आहे का. आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर असतं, मी अख्खा श्रावण पाळतो, मग मी बेवडा कसा? मीपण हेच म्हणायचो आणि पाळायचोसुद्धा. फक्त गटारीला उरलेलं वर्ष भरून काढल्यासारखी प्यायचो, आणि मग श्रावणातला एकेक दिवस कॅलेंडरवर बघत काढायचो, आता गणपती उठले की झालं. ज्याला दारूची ओढ नाही तो कशाला दिवस मोजेल. असो, एएमध्ये यायला एकच अट आहे, दारू थांबवायची इच्छा पाहिजे. किती पिता, देशी का इंग्लिश, नोकरी गेली का आहे, कुणी विचारत नाही. टेस्ट नाही, सर्टिफिकेट लागत नाही.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावात एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन, दोघंही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की बोलतोय तोवर प्यावंसं वाटत नाही. त्या डॉक्टरचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, तोच एएचा वाढदिवस धरतात. भारतात १९५७ पासून मीटिंगा आहेत. फी नाही, ॲडमिशन नाही, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो त्यात दहा-वीस रुपये ज्याला टाकायचे तो टाकतो, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. नवीन माणसाला सांगतात तुम्ही टाकू नका. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत, म्हणजे कुणी शेठ लाखाचा चेक घेऊन आला तरी नाही म्हणतात. हे मुद्दाम सांगतोय कारण फोनवर कुणी 'आधी पाच हजार भरा' म्हणाला तर ती एए नाही, एवढं तिथल्या तिथं कळेल.

शोधताना लोकांचा घोळ इथंच होतो. गुगलवर 'दारू सोडवण्याचा उपाय' टाकलं की वरती सगळ्या पावडरीच्या जाहिराती येतात, न सांगता जेवणात कालवा, सात दिवसांत गॅरंटी. त्या पुडीत काय असतं देव जाणे. डायसल्फिरामसारखी गोळी जर नकळत खाऊ घातली आणि वरून तो माणूस प्यायला तर त्याचं बीपी, हृदय सगळं गडबडतं, जीव जाऊ शकतो, ती गोळी डॉक्टर देतो तीसुद्धा पेशंटला माहिती असताना, त्याच्या मर्जीनं. मग दुसरे येतात ते व्यसनमुक्ती केंद्रवाले. केंद्रं चांगलीपण आहेत, पण गाडी पाठवून माणूस झोपेत उचलून नेतो असं सांगणारं केंद्र असेल तर हात जोडा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या आजारावर उपचार घेणाऱ्यालाही हक्क आहेत. तिसरं आपलं जुनं, माळ घालणं, बुवाकडं नेऊन शपथ. माळेमुळं सुटलेली माणसं मी पाहिलीत, खोटं का बोलू. पण माळ खुंटीला टांगून बसणारेही पाहिलेत, आणि शपथ मोडली की तो माणूस लाजेनं दुप्पट पितो आणि कुणाकडं जायचं हे त्याला उरत नाही.

तर सर्च करताना 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' असं पूर्ण नाव टाका आणि पुढं आपला एरिया. एए इंडियाची स्वतःची वेबसाइट आहे, त्यावर शहराप्रमाणे मीटिंगांची माहिती आणि हेल्पलाइन आहे, पहिली तिथं जा, कारण गुगल मॅपवर जे पिन असतात ते कुणी कधी टाकले पत्ता नाही, ग्रुप दुसरीकडं जाऊन दोन वर्षं झालेली असतात आणि पिन तिथंच. नेट जमत नसेल तर सरकारी नंबर आहेत, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही टोल फ्री. ते तुम्हाला एएच्याच मीटिंगला पाठवतील असं नाही पण जवळचं केंद्र, दवाखाना सांगतात, आणि रात्री दोन वाजता फार वाईट अवस्था झाली तर १४४१६ ला बोलायला माणूस असतो, तो चोवीस तास चालतो.

आणि केंद्रांना फोन करायला लाजू नका, ॲडमिट व्हायचं नसलं तरी. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला पैसे दिले होते हे बऱ्याच जणांना माहिती असेल, त्यांचे पाठपुराव्याचे गट पुण्याबाहेरही बऱ्याच गावांत भरतात. मुंबईत कृपा फाउंडेशन, १९८१ ला वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी चालू केलं. अशा ठिकाणच्या सोशल वर्करला आसपासच्या सगळ्या ग्रुपांची खडानखडा माहिती असते, कुठला चालू, कुठला बंद पडला, कुठं मराठीत बोलतात, कुठं इंग्रजीत. हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाबाहेर नोटीस बोर्ड असतो तोपण बघा, बऱ्याचदा एक पिवळा पडलेला कागद लावलेला असतो.

चर्चवरून आठवलं. मुंबईत, वसईला, गोव्यात बऱ्याच मीटिंगा चर्चच्या खोलीत भरतात आणि मग घरच्यांना शंका, बाटवणार तर नाहीत ना. नाही हो. खोली स्वस्तात मिळते म्हणून तिथं. आमची शाळेत भरते, ओळखीतला एक ग्रुप समाजमंदिरात आहे. प्रार्थना असते, देवाचा उल्लेख असतो, पण देव जसा तुम्हाला उमजला तसा, आमच्यात एक जण पांडुरंग म्हणतो, एक जण काहीच मानत नाही आणि तो चौदा वर्षं प्यायलेला नाही.

आता मेन गोष्ट. पत्ता मिळाला की डायरेक्ट जाऊ नका, आधी फोन करा. मी पाच महिन्यांनी केला तो असा झाला. म्हणलं, मीटिंगचा पत्ता हवाय. पलीकडून, कुणासाठी? मी म्हणलं मित्रासाठी. तो माणूस हसला नाही, हे मला अजून आठवतं. म्हणाला, मित्राला सांगा मेन गेटनी यायचं नाही, ते साडेसहाला बंद होतं, मागच्या गल्लीत छोटं गेट आहे, समोर चहाची टपरी, तिथं सव्वासातला थांबायचं, मी निळं हेल्मेट घेऊन येतो. मी विचारलं, मित्र प्यायलेला असला तर? म्हणाला चालेल, बसायचं, फक्त त्या दिवशी बोलायचं नाही, ऐकायचं. मग जरा थांबून म्हणाला, मित्र जेवलाय का आज?

फोनवर एवढं विचारून घ्या: या आठवड्यात नक्की आहे ना (शाळेची सुट्टी, परीक्षा, इलेक्शनचं बूथ, यातल्या एकानं तरी मीटिंग हलते), गेट कुठलं, मजला कितवा, भाषा कोणती, आणि ओपन आहे का क्लोज्ड. ओपनला कुणीही येतं, बायको, भाऊ, नुसतं बघायला आलेला माणूस. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय तो. घरच्या माणसाला बरोबर नेणार असाल तर हे विचाराच, नाहीतर तो बिचारा तासभर बाहेर कट्ट्यावर बसतो. आणि शेवटचं, जे विचारायला जीभ रेटत नाही ते, मला कुणी गेटवर घ्यायला येईल का. येतात. नवीन माणसाला घ्यायला जाणं हे त्यांच्यासाठी उपकार नसतो, त्यांची स्वतःची दारू त्यानंच लांब राहते. माझ्या मते या सगळ्यात कामाची गोष्ट ही एकच आहे, कारण बोर्ड नसतो. मोठा फलक कुठंच दिसणार नाही, निनावी संस्था आहे, फार तर दारावर एक छोटा कापडी बॅनर, आणि तेवढं शोधताना एखाद्या शिपायानं 'काय पाहिजे' विचारलं की आपण ॲडमिशनचं बोलायला लागतो.

कुणी ओळखेल ही भीती सगळ्यांना. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे लांबच्या ग्रुपला जा. डोंबिवलीवाला ठाण्याला उतरतो, चिंचवडवाला पुण्यात येतो, काही प्रॉब्लेम नाही, जवळचाच ग्रुप पाहिजे असा नियम नाही. दुसरं म्हणजे जरा विचार करा, तिथं ओळखीचा भेटला तर तो तिथं काय करतोय? माझ्या समोर तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीतले काका बसलेले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मान डोलावली, झालं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही पार्किंगवरून अजूनही भांडतो.

आत काय होतं ते सांगतो म्हणजे पोटातला गोळा कमी होईल. आमच्याकडं चौथीचा वर्ग आहे. बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागतात, फळ्यावर पाढे नाहीतर सुविचार, भिंतीवर पोरांनी काढलेले मोर. बारा-पंधरा माणसं. रिक्षावाला, बँकेतला, एक रिटायर्ड हवालदार, कधी एखादा कॉलेजचा पोरगा. सुरुवातीला कुणीतरी वाचून दाखवतं, मग एकेक जण उठतो, स्वतःचं नुसतं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, आणि आपलं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. हे आपल्या लोकांना फार विचित्र वाटतं, कारण आपल्याकडं दोन वाक्यं बोललं की तिसरा सल्ला देतोच. आडनाव सांगायचं नाही, त्यामुळे जातही कळत नाही, हे मला नंतर लक्षात आलं. तुमचा नंबर आला आणि बोलायचं नसेल तर 'आज ऐकतो' म्हणा, पुढं जातात. तास-दीड तासात संपतं, मग चहा, आणि खरं सांगू, अर्धी मीटिंग त्या चहावरच होते. तिथं फोन नंबर घ्या. दोन-तीन तरी. लाज वाटली तरी घ्या, कारण प्यायची तलफ सोमवारी साडेसातला येत नाही, ती शुक्रवारी पगाराच्या दिवशी येते.

पहिल्या दिवशी आवडेलच असं नाही. मला नाही आवडलं, एक जण अर्धा तास बोलला आणि सगळे रडतात का म्हणून मला राग येत होता. एका मीटिंगवरून ठरवू नका, पाच-सहा करा आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या ग्रुपांत, कारण ग्रुप म्हणजे माणसं आणि माणसांचं सगळीकडं वेगळं असतं. नव्यांना बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात, मुंबईत ते जमतं, रोज कुठं ना कुठं असतेच, तालुक्याच्या ठिकाणी कसं जमणार, तिथं जेवढं मिळेल तेवढं.

आणि डोळे उघडे ठेवून जा. तिथं जाणारे संत नसतात. कुणी उसने मागितले, विमा किंवा स्कीम विकायला लागला तर नाही म्हणा. कुणी म्हणाला की डॉक्टरच्या गोळ्यापण व्यसनच, बंद कर, तर त्याचं ऐकू नका, ते एएचं म्हणणं नाही, त्याचं स्वतःचं आहे. बायकांसाठी जास्तच, कारण बऱ्याच ग्रुपांत बाई एखादीच असते नाहीतर नसतेच. फोनवरच विचारा बायका येतात का, बायकांची वेगळी मीटिंग कुठं आहे का, आणि मार्गदर्शक म्हणजे स्पॉन्सर घ्यायची तर बाईच घ्या. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळी सोय आहे, कुणी बाई वाचत असेल आणि ही फक्त पुरुषांची भानगड आहे असं वाटत असेल तर म्हणून सांगितलं.

गावात काहीच नसेल तर? लॉकडाउनपासून ऑनलाइन मीटिंगा चांगल्या रुळल्यात, मराठीतल्यापण असतात, लिंक हेल्पलाइनवर मागा, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. दुबई, अमेरिकेतली मराठी माणसंही त्यातच येतात, तिकडं त्यांच्या गावात मीटिंगा ढिगानं असतात पण बापाच्या माराबद्दल इंग्रजीत बोलता येत नाही असं एकानं सांगितलं, मला पटलं. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम आहे, तिथं तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराची क्लिनिकं चालतात. आणि अगदीच कुठं काही नसेल तर दोघं जमले तरी ग्रुप होतो, हे एएचं स्वतःचंच म्हणणं आहे. आठवड्यातून एकदा एसटीनं जिल्ह्याला जायचं, तिथली पद्धत बघायची, पुस्तिका आणायच्या, आणि गावात दुसरा एक जण मिळाला की सुरू. ओळखीतले दोघं जण वर्षभर एका सलूनच्या मागच्या खोलीत बसायचे, मंगळवारी, दुकान बंद असतं तेव्हा.

घरचं कुणी वाचत असेल तर, तुमच्या माणसाला ओढून नेऊ नका, नेलं तरी तो बसून येईल आणि बाहेर पडून पिईल. तुम्ही स्वतः जा. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, १९५१ पासून चालू आहे, मुलांसाठी अलाटीन, मुक्तांगणचा बायकांचा सहचरी गट आहे. तो येवो न येवो, तुम्ही जायचं. माझी बायको माझ्या आधी दोन महिने जात होती आणि मला वाटायचं भिशीला जाते. तिनं बाटल्या शोधणं बंद केलं, ऑफिसला 'त्यांना ताप आलाय' म्हणून फोन करणं बंद केलं, तेव्हा मी जरा हादरलो. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंग-बिटिंग नंतर, आधी सुरक्षित जागी जा, ११२ ला फोन करा.

घसरलात तर? मी दोनदा घसरलो. एकदा मित्राच्या हळदीला, एकदा काही कारण नसताना, मंगळवारी दुपारी. परत कुठल्या तोंडानं जायचं हा प्रश्न पडतो, तर त्याच तोंडानं जायचं. मी गेलो तेव्हा निळ्या हेल्मेटवाल्यानं एवढंच विचारलं, चहा घेतला का. दिवस परत एकपासून मोजायचे, बाकी कुणी काही बोलत नाही.

आता आमच्या शाळेला सुट्टी लागायची असली की गेटवर कागद लावायचं काम माझ्याकडं आहे. दोन्ही गेटवर लावतो, मेन गेटवरही, कारण नवीन माणूस तिथंच येतो. वर 'ए.ए. सभा' एवढंच लिहितो, खाली त्या आठवड्यात कुठं भरणार ते आणि फोन नंबर, मोठ्या अक्षरात, अंधारात वाचता आलं पाहिजे म्हणून. वॉचमन तोच आहे. त्याला सांगून ठेवलंय, दिवाळीत रात्री कुणी पोराच्या ॲडमिशनचं विचारायला आला तर त्याला कागद दाखव.